जुनी हायफाय सिस्टीम घेऊन पस्तावलेले, इकडे या (अनुभव धागा)

नौपाडाकर
आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीये, महिनाअखेर खाली करायचीये, म्हणून काल माळा उतरवत होतो. बिस्किटांच्या जुन्या डब्यात ४५ च्या (मिनिटाला ४५ फेरे, मधे मोठं भोक) रेकॉर्डला मधे लावतात ती प्लास्टिकची चकती सापडली आणि एकदम २०११ आठवलं. चोरबाजारातून स्पीकरची जोडी आणली होती. थ्री वे (जाड, मधल्या, बारीक आवाजाला वेगवेगळे स्पीकर), जाड आवाजाचा वूफर १२ इंची, काळी जाळी शाबूत, लाकडाला असं पॉलिश की भांग पाडावा. दुकानदाराने वाजवून दाखवले पण अगदी हळू, म्हणे शेजारी म्हातारा आजारी आहे. मी पण काय थोर, म्हाताऱ्याची चौकशी केली वर. ९ हजाराला ठरवले, टेम्पोचे वेगळे, कोपरी पुलावर ट्रॅफिकमध्ये दीड तास. घरी बायको नाही बघून व्हॉल्यूम वर केला तर तबल्याच्या पहिल्याच थापेला फडफडफड. जाळी काढली, वूफरच्या कडेच्या फोमला नुसतं बोट लावलं तर अनारशाच्या पिठासारखा हाताला चिकटून आला. आणि मधला मिडरेंज स्पीकर होता ना, त्याला मागून वायरच नव्हती. शोभेचा!
तुमचं पण लिहा रे, म्हणजे एकट्याला वाईट वाटणार नाही

खरखर
फोमची कड १५-२० वर्षांत जातेच, आपल्याकडच्या दमट हवेत त्याच्याही आधी. रबरची कड बघून घ्यायचे. फोम बदलून मिळतो, लॅमिंग्टन रोडला विचारा. बाकी म्हाताऱ्याची चौकशी 😂😂

घोडबंदर_रहिवासी
कोपरी पुलावर दीड तास म्हणजे तुम्ही लवकर सुटलात की

सीवूड्सची_सून
आमच्याकडे ह्यांच्या मामांनी अमेरिकेतून टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेयर) आणलं, स्वतःच्या कॉलेजच्या वेळचं, बॅगेत टॉवेल गुंडाळून वगैरे. तिकडचं १२० व्होल्टचं म्हणून ह्यांनी आधी ट्रान्सफॉर्मर आणला, मग सासूबाईंनी हळदकुंकू लावलं, सगळे सोफ्यावर बसलो आणि रेकॉर्ड लावली तर गाणारी बाई चक्क बाप्याच्या आवाजात, ती पण झोपेची गोळी घेतलेला बाप्या. बेल्ट बदलला, तेल घातलं, दोन मेकॅनिक झाले, एकाने सांगितलं रेकॉर्डच खराब आहे. शेवटी खालच्या मजल्यावरचे काका आले, वीज मंडळातून रिटायर झालेले, त्यांनी मोटरवरची चिठ्ठी वाचली आणि हसायलाच लागले. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ (वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते ते) नाही. तिकडे ६०, इकडे ५०, आणि ही मोटर हर्ट्झच्या तालावर फिरणारी, म्हणजे मिनिटाला ३३ च्या जागी जेमतेम २८ फेरे. हे हुशार, म्हणाले मग ४५ वर ठेवू. तर होतात साडेसदतीस, आणि तीच बाई आता दहा वर्षांची मुलगी!! मोटरवरची बेल्ट फिरवणारी चकती, म्हणजे पुली, ५० हर्ट्झची मिळाली असती तर काम झालं असतं पण त्या मॉडेलची अजून मिळालेली नाही. मामांना फोनवर मस्त चाललंय सांगतो. झाकणावर सध्या माझं निवडायचं ताट असतं
(कुकर झाला, येते)

खरखर
काका ग्रेट. क्वार्ट्झवाल्या डायरेक्ट ड्राइव्हला (बेल्ट नाही, मोटरच थेट तबकडी फिरवते, वेग क्वार्ट्झ क्रिस्टलवर ठरतो) हा त्रास नसतो, फक्त व्होल्टेज बघायचं.

ऐरोली_सेक्टर
रेडिओ ट्यूनर. जपानी. चंदेरी पॅनल, लाकडी पेटी, चालू केला की हिरवट उजेड, बघत बसावं असा. १०० व्होल्टवर चालतो हे माहीत होतं तेव्हा ती काळजी घेतलेली. अँटेना लावली, काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, नुसतं शूऽऽऽ. गच्चीवर वायर नेली. सेक्रेटरीशी भांडण झालं त्यावरून, ते वेगळंच, तो अजून बोलत नाही. मग एके रात्री चष्मा लावून डायल नीट वाचली, ७६ ते ९०. जपानातला तेव्हाचा एफएमचा पट्टाच तो. आपली नेहमीची एफएम स्टेशनं ९१ च्या पुढे सुरू होतात. म्हणजे ट्यूनर ठणठणीत, फक्त त्याला ऐकायला इथे कोणी बोलतच नाही. नाइट लॅम्प म्हणून ठेवलाय

सीवूड्सची_सून
@ऐरोली_सेक्टर सेक्रेटरीचं पण लिहा ना 😀

पनवेलपल्याड
माझं छोटं आहे. रेकॉर्ड प्लेयर अँप्लिफायरच्या ऑक्सला (साध्या इनपुटला) लावला, डास गातोय असा आवाज. ४ महिने पिनेला शिव्या दिल्या, नवीन पिन पण आणली. मॅग्नेटिक कार्ट्रिजला (पिन बसते तो भाग) तिचा बारीक आवाज वाढवणारा फोनो प्रीअँप लागतो हे कोणी सांगायचं होतं हो

कळव्याची_आत्या
मला त्या ३३-४५ मधलं काही कळत नाही पण भाऊ या नादातला. २६ जुलै २००५ ला आम्ही तळमजल्यावर. पाणी गुडघ्याच्या वर आलं तसं आई म्हणतेय तांदळाचा डबा घे, कागदपत्रं घे, आणि हा अँप्लिफायर डोक्यावर घेऊन जिन्याकडे, वसुदेवासारखा. तांदूळ गेले. स्पीकर पण गेले, ते भुशाच्या लाकडाचे होते ते फुगून उकलले. रेकॉर्डची कव्हरं एकमेकांना चिकटली ती ब्लेडने सोडवताना आई एक अक्षर बोलली नाही. त्यानंतर अँप्लिफायर इतकी वर्षं कपाटावर, साडीत गुंडाळलेला. मागच्या दिवाळीत भाच्याने नवे स्पीकर आणले, बटण दाबलं, आधी घुंऽऽऽ असं आलं आणि मग मागून धूर. भाऊ म्हणाला असू दे, आणि फराळाला बसला. चकली पण घेतली नाही त्या दिवशी

खरखर
आत्या, आतले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) वाळले असणार, ते घुंऽऽ त्याचंच. बरेचदा दुरुस्त होतो, टाकू नका. आणि बाकीच्यांनी वाचा, वर्षानुवर्षं बंद असलेली वस्तू डायरेक्ट २३० वर लावायची नाही. सिरीज बोर्डवर (वीज आधी बल्बमधून मग मशीनला जाते तो) १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावून त्यातून द्यायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब भकभकीत पेटून राहतो, मशीन वाचतं.

कळव्याची_आत्या
पिवळे बल्ब मिळतात का अजून? भावाला सांगते. थँक्यू रे बाळा

घोडबंदर_रहिवासी
मिळतात, स्टेशनजवळ विचारा. नौपाडाकर ती चकती टाकू नका, माझ्याकडे मोठ्या भोकाच्या चार ४५ आहेत आणि मी मधे बाटलीचं झाकण लावून वाजवतो, गाणं लंगडत चालतं

नौपाडाकर
घेऊन जा की. मामलेदारच्या हॉटेलात भेटू, मिसळ तुमच्याकडून. स्पीकर पण आहेत अजून, फोम बदलायचा राहिला तो राहिलाच, बायको त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते. नवीन घर भाड्याचं, १ बीएचके, त्यात मावणार नाहीत

घोडबंदर_रहिवासी
किती तिखट खाता? स्पीकरचं घरी विचारून सांगतो

नौपाडाकर
मीडियम. रविवारी १० च्या आत या, नंतर उभं राहायला जागा नसते. आणि घरी विचारू नका, विचारलंत की संपलं