दुःखात विश्वास वाढतो का? तुमचा अनुभव लिहा

दर लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, हा विषय निघतो आणि बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचला जातो: संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. पण पौलाने ते मार खाऊन, तुरुंग भोगून स्वतःला धरून लिहिलं. आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याला ते ऐकवणं निराळं. तेव्हा इथे उपदेश नको. तुमच्यावर काय गुदरलं आणि तुमच्या प्रार्थनेचं काय झालं, तेवढं लिहा. विश्वास वाढला नसेल तर तेही लिहा.

वसईहून
आईला अर्धांगवायू झाला आणि मी नोकरी सोडली. संध्याकाळची रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, तिची कूस बदलता बदलता व्हायची, कितव्या मण्यावर आहोत तेही विसरायला व्हायचं. 'किती आनंदाने सेवा करतेस गं!' असं सगळे म्हणायचे. आनंद कसला, रात्री चिडून रडायचे मी. त्या वर्षी क्रूसाच्या वाटेत, म्हणजे येशूच्या क्रूस वाहण्याचे प्रसंग एकेका स्थानाशी थांबून आठवतात त्या भक्तीत, पाचव्या स्थानाशी थबकले. तिथे येशूचा क्रूस उचलणारा कुरेनेकर शिमोन, त्याने तो आपण होऊन घेतलाच नव्हता. तो शेतावरून येत होता, शिपायांनी त्याला वेठीला धरलं. म्हणजे नाइलाजाने खांदा देणाऱ्यालाही त्या वाटेवर जागा आहे तर! लहानपणापासून दर शुक्रवारी ऐकत आले होते, कळलं तेव्हा. चिडचिड काही थांबली नाही, पण ती देवापासून लपवायची मात्र थांबले.

अहिल्यानगरहून
आमची मुलगी रक्ताच्या कर्करोगाने गेली. मंडळीतली माणसं येत आणि 'देवाची काहीतरी योजना असेल' म्हणत. त्यांचं मन चांगलं होतं, पण मला ते ऐकवेना. मग एक म्हातारे पाळक आले. प्रार्थना करू का, एवढं विचारलं, मी नाही म्हणालो. त्यांनी बायबलमधलं 88वं स्तोत्र वाचलं, चहा घेतला आणि गेले. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. असं गाऱ्हाणं कुणी शास्त्रातून काढून टाकलं नाही, याचं मला फार आश्चर्य वाटलं. त्यानंतर देवाशी भांडायला लागलो. आधी आमची प्रार्थना म्हणजे पाठ केलेले आभार असत. आता बोलणं होतं. योजना काय होती ते मला आजही कळलेलं नाही, आणि कुणी समजावून सांगू नये.

दौंड तालुक्यातून
आमच्याकडे केडगावच्या मुक्ती मिशनमुळे पंडिता रमाबाईंचं नाव घरोघरी. दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण उपासमारीने गेली, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा. दुःखाने त्यांना ख्रिस्ताकडे नेलं, असं व्याख्यानांत सरसकट सांगतात. मला ते घाईचं वाटतं. त्यांचा बाप्तिस्मा 1883 चा, पण ख्रिस्त खऱ्या अर्थाने भेटला तो त्यानंतर आठेक वर्षांनी, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. घटस्फोटानंतर मला कुणी 'आता तुझा विश्वास वाढेल' म्हणालं की मी ही आठ वर्षं सांगते.

पुण्याहून
माझा नाही वाढला. कोविडमध्ये वडील गेले, मातीला मोजकी माणसं. चर्चला जातो, मागच्या बाकावर बसतो, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस) घेत नाही. विचारलंत म्हणून लिहिलं.

वसईहून, पुन्हा
पुणेकर दादा, लिहिलंत ते बरं झालं. तुम्हाला काही समजावणार नाही. वडिलांचं नाव कळवलंत तर मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या उपासनेत, घेईन, नाही कळवलंत तरी हरकत नाही.

श्रीरामपूरकडून
माझं दुःख वरच्या मंडळींएवढं नाही. गारपिटीत कांदा गेला, सोसायटीचं कर्ज तसंच राहिलं. उपकारस्तुतीच्या रविवारी सगळे शेतमाल आणतात, उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. मी जाणारच नव्हतो. बायको म्हणाली, बायबलमधला हबक्कूक संदेष्टा वाचा. अंजिराला फूल नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी तो देवाच्या ठायी आनंद करतो. मी म्हटलं, त्याला सोसायटीचा सचिव भेटला नसेल. तरी गारांनी फोडलेल्या कांद्याची एक पाटी नेली आणि वेदीपुढे सफरचंदांशेजारी ठेवली. आभार मानायला तोंड उघडेना, म्हणून नुसतं म्हणालो, 'बघ, हे असं झालंय.' माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात खरी प्रार्थना असावी. लिलावात सफरचंदांच्या वर बोली गेली. बोली लावणारा माझा सख्खा साडू, त्याचाही कांदा गेलेला. पैसे अजून दिलेले नाहीत त्याने.