गवताळ माळ आणि डोंगर, सायकलवरून: आपले अनुभव लिहावेत

टिटवी

काल संध्याकाळी माझ्या मुलीने कोणाच्याही मदतीशिवाय प्रथमच सायकलचे पंक्चर काढले. टायरच्या आतून बोट फिरवून तिने जो काटा शोधून काढला, तो गोखरूचा होता. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला जमिनीलगत पसरणारे, पिवळ्या फुलांचे हे रोपटे डेन्व्हरमध्येही सर्रास उगवते आणि येथील सायकलस्वार त्याच्या काट्याला बकरीचे डोके म्हणतात. तो काटा तळहातावर घेतला आणि मला नऊ वर्षांपूर्वीची एजमाँटची सकाळ आठवली.

दक्षिण डकोटातील ब्लॅक हिल्समधून आम्ही आठ जण सप्टेंबर महिन्यात तीन दिवस सायकलने गेलो होतो. एजमाँटपासून डेडवुडपर्यंतचा हा १७५ किलोमीटरचा मार्ग म्हणजे १८९०-९१ साली टाकलेली रेल्वेची जुनी वाट आहे. गाड्या १९८३ मध्ये बंद पडल्या, रूळ निघाले, आणि १९९८ पासून चुनखडीची कच टाकलेली ही वाट मिकलसन ट्रेल या नावाने सायकलींसाठी पूर्ण खुली झाली. वाफेच्या इंजिनांसाठी आखलेली असल्यामुळे तिचा चढ सहसा चार टक्क्यांच्या वर जात नाही, परंतु तो संपतही नाही, हे पायांना पहिल्याच दिवशी कळते.

पहिल्या दहा किलोमीटरांत आमच्या चार चाकांत गोखरू शिरला. आमच्यात एक निवृत्त अभियंते होते, ज्यांना सगळे काका म्हणत. त्यांनी कोणाचेही पंक्चर स्वतः काढून दिले नाही. त्यांनी आम्हा सर्वांना गवतात बसवले, प्रत्येकाच्या हाती टायर उकलण्याचा लिव्हर दिला, आणि काटा सापडल्याशिवाय नवी ट्यूब घालायची नाही, एवढेच बजावले. ऊन चढत होते, वारा गवताला एका बाजूला झोपवत होता, आणि सव्वा तास आम्ही तेथेच होतो. आधी मला ती उशिराची चिंता वाटली. नंतर बसल्या जागी गवताचे निरनिराळे प्रकार वेगळे दिसू लागले, काही गुडघ्याएवढे आणि तांबूस, काही बोटभर उंचीचे, कुरळे. मोटारीतून याच प्रदेशातून जाताना मी त्याला ओसाड म्हटले होते.

उत्तरेकडे चढताना गवत हळूहळू मागे पडते आणि पाँडेरोसा पाइनचे जंगल सुरू होते, जे दुरून काळे दिसते. येथील मूळ रहिवासी असलेल्या लाकोटा लोकांनी या डोंगरांना हे सापा, म्हणजे काळे डोंगर, असे नाव दिले ते यावरूनच. आम्ही मुक्काम केलेल्या कस्टर गावाचे नाव मात्र ज्या सेनाधिकाऱ्याच्या मोहिमेत १८७४ साली येथे सोने सापडले त्याचे आहे. हे डोंगर १८६८ च्या करारान्वये लाकोटांचे होते, सोन्यानंतर ते काढून घेतले गेले, आणि १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलेली भरपाई त्यांनी आजवर स्वीकारलेली नाही, कारण त्यांना पैसा नको, डोंगर हवे आहेत. ही हकिकत मी रात्री तंबूत वाचली आणि दुसऱ्या दिवशी बोगद्यांतून व लाकडी पुलांवरून जाताना ती माझ्या मनातून गेली नाही.

तिसऱ्या दिवशी ड्यूमाँटला, सुमारे १९०० मीटरवर, आम्ही आठही जण एकत्र पोहोचलो, कारण काकांच्या नियमानुसार शेवटचा माणूस दिसेपर्यंत पुढच्याने निघायचे नव्हते. काका आता नाहीत. काल मुलीला काटा शोधायला लावताना मी त्यांचेच शब्द वापरत होते, हे माझ्या नंतर लक्षात आले.

ज्यांनी असा अनेक दिवसांचा, सोबतीने केलेला सायकलप्रवास केला असेल त्यांनी कृपया लिहावे.

रानवारा

चढापेक्षा वारा कठीण असतो, हे मी कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये शिकलो. आम्ही पाच जण एप्रिलमध्ये चार दिवस एम्पोरिया आणि स्ट्राँग सिटीच्या भोवतालच्या खडीच्या रस्त्यांवर फिरलो. टेकड्या फार उंच नाहीत, पण एकामागून एक येत राहतात, आणि दक्षिणेकडून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला एक झाडही नाही. दुसऱ्या दिवशी समोरच्या वाऱ्यात आमचा वेग ताशी दहा किलोमीटरवर आला. एकाने पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या आडोशाने चालवायचे, अशी पाळी आम्ही दर दोन मैलांनी बदलत होतो. त्या दिवशी कोणी कोणाशी फारसे बोलले नाही, परंतु माझी पाळी संपण्यापूर्वीच मागचा मित्र न सांगता पुढे येत असे, आणि ती गोष्ट मी विसरू शकत नाही.

उंच गवताचा मूळ माळ उत्तर अमेरिकेत चार टक्क्यांहूनही कमी उरला आहे आणि त्यातला बहुतांश येथेच आहे. याचे कारण जमिनीखालचा गारगोटीयुक्त चुनखडक; त्यात नांगर चालला नाही म्हणून गवत वाचले. हीच गारगोटी टायरची बाजू सुरीसारखी कापते. माझा टायर असा कापला गेला तेव्हा आत कागदी नोट दुमडून घातली आणि त्यावर चाळीस किलोमीटर काढले.

त्या आठवड्यात पशुपालकांनी माळ पेटवले होते, जे येथे दर वसंतात करतात, म्हणजे झुडपे माजत नाहीत आणि नवे गवत जोमाने येते. काळ्याभोर टेकडीच्या कडेने सायकल नेताना जळक्याचा वास नाकात बसला होता, आणि त्याच राखेतून बोटभर हिरवे कोंब आलेले दिसत होते.

दिवेघाट

टिटवीताई, गोखरूचे वाचून राहवले नाही.

आमचा प्रवास पुण्याहून दिवे घाट, सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे आणि भिगवण असा तीन दिवसांचा होता, डिसेंबरमधला. अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशाएवढा विस्तार येथे नाही. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचे आहे. तरीही सकाळी सात वाजता सोनेरी कुसळी गवतातून तीन चिंकारा उड्या घेत रस्ता ओलांडून गेल्या आणि आम्ही सहाही जण न ठरवता एकाच क्षणी ब्रेक दाबले. पुढे धनगरांचा वाडा लागला. एका आजोबांनी आमच्या मोज्यांत अडकलेली कुसळे पाहून आम्हाला बसवून घेतले, चहा दिला, आणि गवत कोणत्या पावसानंतर किती वाढते हे सांगितले. सरकारी दप्तरात अशा कित्येक माळांची नोंद पडीक जमीन अशी असते, आणि म्हणूनच तेथे वृक्षारोपण, कारखाने, भूखंड सर्व काही सहज मंजूर होते. त्या पडीक जमिनीवर लांडगा, धाविक, चंडोल आणि शेकडो मेंढ्या जगतात, तरी तिला पडीक म्हटले जाते, याचा मला मनापासून राग आणि दुःख आहे.

आम्हाला एकूण अकरा पंक्चर झाली. सर्व गोखरूची.

उन्हाळी

मी आयोवातील रॅगब्राय केली आहे, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात मिसुरी नदीपासून मिसिसिपीपर्यंत हजारो माणसे सात दिवस सायकल चालवतात आणि हे १९७३ पासून चालू आहे. निघताना मागचे चाक मिसुरीत बुडवायचे आणि शेवटी पुढचे चाक मिसिसिपीत. मार्गावरील लहान गावांतील चर्चच्या बायका स्वतः भाजलेले ‘पाय’ (pie, सारण भरलेला गोड पदार्थ) विकायला बसतात, आणि अनोळखी कुटुंबे आपल्या अंगणात तंबू लावू देतात. चौथ्या रात्री वादळ आले तेव्हा एका शेतकरी बाईंनी आम्हा बारा जणांना तळघरात घेतले. मी त्यांना माझ्या डब्यातला मेतकूटभात खाऊ घातला आणि त्यांनी मेतकुटाची कृती लिहून घेतली.

आयोवा टेकड्यांचे आहे, सपाट नाही, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. एक खंत मात्र लिहिते. कधी काळी बहुतेक सारे राज्य गवताचे होते आणि आज त्याचा एक दशांश टक्काही उरलेला नाही. सात दिवस मी मका आणि सोयाबीनच पाहिले.

काजवा

आमचा गट पुढील जूनमध्ये मिकलसन ट्रेलवर जाणार आहे. गोखरूवर नेमका उपाय काय?

टिटवी

काजवा, ट्यूबमध्ये आधीच सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा द्रव, भरून घ्यावे आणि टायर व ट्यूब यांच्यामध्ये जाड पट्टी घालावी. खाली पडलेल्या काट्याचे एक टोक नेहमी वर राहते, म्हणून एजमाँटजवळ विश्रांतीसाठी थांबताना सायकल वाटेबाहेर ढकलत नेऊ नये, ती उचलून न्यावी. आमची चूक तीच झाली होती. जूनमध्ये दुपारी गारांसह वादळे येतात, तेव्हा सकाळी लवकर निघावे.

दिवेघाट, सुप्याच्या माळाचे वाचून फार वाईट वाटले आणि आपण लिहिले याचे बरेही वाटले.

सांजवेळ

काजवा, एक दिवस अधिक काढून जवळच्या विंड केव्ह राष्ट्रीय उद्यानातूनही सायकल चालवा. तेथील गव्यांसारख्या बायसनांचा कळप १९१३ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातून रेल्वेने आणलेल्या चौदा जनावरांपासून वाढला आहे. आम्ही चौघे उतारावरून येत होतो तेव्हा तो कळप रस्त्यावर बसलेला होता. मोटारीतील माणसे काचा लावून थांबू शकतात, सायकलवाल्याला तो आडोसा नसतो, म्हणून आम्ही बऱ्याच मागे जाऊन एका मोटारीच्या पलीकडे उभे राहिलो. गाडीतील वृद्ध जोडप्याने, गरज पडल्यास लगेच आत या, असे सांगून मागची दारे उघडून ठेवली. पन्नास मिनिटे गेली. वासरे उठली, मग माद्या, आणि सर्वांत शेवटी एक थोराड नर उठला, त्याने अंग झाडले, आणि त्याच्या पाठीवरची धूळ वाऱ्याबरोबर आमच्यापर्यंत आली.