घरी केलेल्या रॉक गाण्याच्या मिक्समध्ये गायन दबते आहे, सल्ला हवा

ऐरोलीचा बेसवाला:
नमस्कार. आम्ही चार मित्रांनी माझ्या घरी एक मराठी रॉक गाणे ध्वनिमुद्रित केले असून त्याचे मिक्स (गायन व वाद्यांचे वेगवेगळे ट्रॅक जुळवून एकत्र करणे) मी स्वतः, १० बाय १० फुटांच्या बेडरूममध्ये, खोलीच्या मधोमध बसून केले आहे. तिथे बेस (खालचे सूर) अगदी नेमका वाटतो. मात्र तेच गाणे मित्राच्या गाडीत लावले की बेस घुमतो आणि मोबाइलवर लावले की बेस गिटार ऐकूच येत नाही. ध्रुवपदातील शब्द तर सगळीकडेच गिटारींखाली दबतात. गायनाचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) तीनदा वर नेला, तरी शब्द उमटले नाहीत; उलट गायक बँड सोडून एकटाच ओरडतो आहे असे वाटू लागले. घरच्यांना विचारले तर ‘छान झाले आहे’ यापलीकडे कोणी काही बोलत नाही. गायनाचे काय करावे आणि उपयोगी पडेल असा अभिप्राय कसा मागावा, हे कृपया सांगावे.

घोडबंदरवासी:
गाणे दोनदा ऐकले. चाल आणि ड्रम उत्तम आहेत. गायनाला हात लावू नका, कारण दोष गिटारींत आहे. व्यंजनांचा स्पष्टपणा साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि तुमच्या दोन्ही डिस्टॉर्शन (मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाच्या) गिटारी नेमक्या तिथेच ठाण मांडून बसल्या आहेत. ध्रुवपदात तो पट्टा २-३ डेसिबलने उतरवा आणि १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापून टाका. गिटार सोलो करून, म्हणजे बाकीचे ट्रॅक बंद ठेवून ऐकलीत तर ती किरटी वाटेल. खुशाल वाटू द्या, श्रोता ती एकटी ऐकणार नाही.

डाव्या बाजूच्या गिटारीची प्रत थोडी मागे सरकवून उजवीकडे ठेवली आहे, असा मला संशय आहे. मोनोमध्ये, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून ऐकल्यास काही कंप्रता एकमेकींना खोडतात आणि गिटार पोकळ होते. तो भाग पुन्हा वाजवून घ्यावा, आणि या वेळी गेन (डिस्टॉर्शनचे प्रमाण ठरवणारे बटण) थोडा कमी ठेवावा.

बेसच्या बाबतीत तुमची खोलीच तुम्हाला फसवते आहे. १० फुटांच्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झची स्थिर लहर तयार होते, म्हणजे तो सूर काही जागी मोठा तर काही जागी क्षीण ऐकू येतो. लांबी-रुंदी सारखीच असल्याने दोन्ही दिशांना तीच कंप्रता येते आणि खोलीच्या मध्यभागी ती जवळजवळ ऐकू येत नाही. तुम्ही नेमके तिथेच बसता, त्यामुळे बेस कमी वाटतो, तुम्ही तो वाढवता आणि गाडीत तो अंगावर येतो. खुर्ची दोन-अडीच फूट मागे किंवा पुढे घेऊन पाहा. मोबाइलच्या स्पीकरमधून इतका खालचा आवाज निघतच नाही, म्हणून बेसवर किंचित डिस्टॉर्शन द्या, म्हणजे वरच्या स्वरांशांमुळे तो तिथेही ओळखू येईल.

वाशीची ड्रमर:
वरील सल्ला पटतो. अभिप्रायाविषयी मात्र माझे मत असे की ‘कसे वाटले?’ हा प्रश्नच विचारू नये. गाण्याचे शब्द ठाऊक नसलेल्या माणसाला ध्रुवपद ऐकवून, कानी पडले ते लिहायला सांगावे. दोन मिक्सची किंवा व्यावसायिक गाण्याशी तुलना करताना दोन्हींचा आवाज समान करून घ्यावा, नाहीतर मोठ्याने वाजणारेच सरस वाटते. आणि ठाणे-वाशी लोकलमध्ये साध्या इयरफोनवर मिक्स तपासू नका. गाडीच्या खडखडाटात खालचे सूर बुडतात आणि घरी येऊन माणूस पुन्हा बेस वाढवतो. मी हे अनेक महिने केले आहे.

ऐरोलीचा बेसवाला:
दोघांचे आभार. संशय खरा होता. गिटार पुन्हा वाजवली, खुर्ची हलवली, गायनाचा फेडर मूळ जागी आणला. आईला शब्द लिहायला दिले, तेव्हा तिने एक सोडून सगळे बरोबर लिहिले. ‘उंबरा’ऐवजी ‘अंबर’ लिहिले. गायनाचा ट्रॅक एकटाच ऐकल्यावर कळले की गायकच तो शब्द गिळतो आहे. तेवढी ओळ रविवारी पुन्हा गाऊन घेणार आहोत.