लाँग रननंतर वजन वाढलं, हे बरं की वाईट?

फुटाळा_पहाट
नमस्कार मंडळी. जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन आहे, माझी पहिलीच. रविवारी इथे नागपुरात 35 किमी केले. पहाटे साडेचारला लॉ कॉलेज चौकातून निघालो, फुटाळा, सेमिनरी हिल्सचे चढ, काटोल रोडनं गोरेवाडा आणि परत. सावकाश, पाच तास. जाताना वजन 68.2, आल्यावर 69.1. दोन्ही वेळा नुसत्या शॉर्ट्सवर, जोडे आणि ओला टी-शर्ट काढून, त्याच काट्यावर, त्याच फरशीवर.

आमच्या कोचनं उन्हाळ्यात सांगितलं होतं, तहानेची वाट पाहू नका, दर वीस मिनिटांनी प्या. तेच करून राहिलो. एकूण साडेचार लिटर, त्यातलं निम्मं इलेक्ट्रोलाइटची गोळी टाकलेलं. केळी, खजूर, राजगिऱ्याचा लाडू मिळून 300 ग्रॅम खाणं. लघवीला एकदाच गेलो, तीही जेमतेम.

शेवटच्या तासात मळमळ, डोकं जड, बोटं अशी फुगली की अंगठी निघेना. घरी आल्यावर चार-पाचदा लघवी झाली, मग बरं वाटलं. ग्रुपवर वजन टाकलं तर सगळे म्हणे, "वा, हायड्रेशन एक नंबर!" मला काही पटून नाही राहिलं. एवढं धावून वजन वाढतं काहून?

काटोलरोडवाला
मीठ कमी पडलं भाऊ. गोळ्या डबल कर, विषय संपला.

धंतोली_लॅब
विषय संपत नाही दादा. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, दिवसभर सोडियमचे, म्हणजे रक्तातल्या मिठाचे, रिपोर्ट हाताखालून जातात, आणि रविवारी मीही धावते.

फुटाळा भाऊ, तुमचाच हिशेब मांडू. पोटात गेलं 4.8 किलो, खाणं-पाणी धरून. लघवी 200 मिली समजू. वजन वाढलं 0.9. म्हणजे घाम, श्वास आणि जळालेलं इंधन मिळून गेले 3.7 किलो, ताशी साधारण 740 ग्रॅम. तुम्ही पीत होते ताशी 900. डिसेंबरच्या थंडीत मे महिन्याचा कोटा चालू ठेवला की असंच होणार.

आणि वजन जसंच्या तसं राहिलं असतं तरी मी खूश झाले नसते. पाच तासांत ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली साखर) आणि चरबी जळते, तेवढं वजन जातंच. ग्लायकोजेनच्या एका ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं, तेही मोकळं होऊन शरीराच्या कामी येतं. तुमच्या वजनाचा माणूस एवढं धावून किलो-सव्वा किलोनं हलका होऊन आला तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तुम्ही उलट्या बाजूला गेले. खरा फरक दोनेक किलोंचा आहे.

मग जास्तीचं पाणी लघवीतून का नाही गेलं? लांब धावताना, त्यात मळमळ आणि दुखणं असलं की शरीरात एडीएच नावाचं हार्मोन वाढतं आणि किडनी पाणी धरून ठेवते. धावणं थांबलं, हार्मोन उतरलं, म्हणून घरी आल्यावर त्या चार-पाच फेऱ्या. मधल्या वेळात रक्तातलं सोडियम पातळ होत जातं. नॉर्मल लिटरमागे 135 ते 145 मिलीमोल, त्याखाली गेलं की हायपोनॅट्रेमिया. तुमचं किती होतं हे तपासल्याशिवाय कोणी सांगू नये. बोटं नुसती धावूनही फुगतात. पण वाढलेलं वजन, मळमळ आणि डोकं, हे तिन्ही एकत्र मला आवडलं नाही.

2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं होतं. 13 टक्के जणांचं सोडियम 135 किंवा त्याहून कमी निघालं, आणि त्याच्याशी सगळ्यात पक्कं नातं दिसलं ते धावताना वाढलेल्या वजनाचं. त्याच शर्यतीत एका धावपटूचा यामुळेच जीव गेला.

गोळ्यांचं म्हणाल तर स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये लिटरमागे 20 मिलीमोलच्या आसपास सोडियम असतं, ओआरएसमध्ये 75, रक्तात 140. म्हणजे ओआरएससुद्धा रक्ताच्या मानानं पातळच. गरजेपेक्षा जास्त ढोसलं तर तेही सोडियम खाली आणतं. तहान लागली की प्या, घड्याळ पाहून नको.

आणि सोबतचा कोणी धावून आल्यावर बरळू लागला, ओकू लागला, सुस्तावला, तर माया म्हणून बाटली तोंडाला लावू नका. सरळ दवाखाना गाठा आणि सांगा, "तासन् तास धावलाय, भरपूर पाणी प्यालाय, आधी सोडियम पाहा." नाहीतर ऊन लागलं समजून साधं सलाईन चढतं आणि त्यानं प्रकृती आणखी बिघडू शकते.

नवतपा
ताई, बरोबर आहे, पण नागपुरात बारा महिने एक गणित चालत नाही बाप्पा. मेमध्ये दुपारी 45 असलं की पहाटे पाचलाही तिशीच्या आसपास असतं. हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही, नुसते टी-शर्टवर मिठाचे पांढरे पट्टे. दीड तासात दोन किलो उतरलेलं मी माझ्याच काट्यावर पाहिलं आहे. तिथे मी तहानेच्या भरवशावर राहत नाही, निघायच्या आधी आणि येताना ताक-पन्हं घेतोच. (आई अजूनही खिशात कांदा घालते. घालू देतो.)

दोन टक्क्यांच्या वर वजन उतरू देऊ नका, असं धावणाऱ्यांना नेहमी सांगतात, ती लक्ष्मणरेषाही जरा सैलच धरा. इथिओपियाचा धावपटू हेले गेब्रसेलासी 2009 ची दुबई मॅरेथॉन जिंकला तेव्हा त्याचं वजन साडेनऊ टक्क्यांहून जास्त उतरलं होतं असा अंदाज आहे. अर्थात तो 2 तास 5 मिनिटांत मोकळा झाला. आपण पाच तास रस्त्यावर असतो, त्याची नक्कल नको.

फुटाळा भाऊ, मुंबईला जाऊन राहिले म्हणून सांगतो: तिथली हवा जानेवारीतही दमट. घाम वाळत नाही, टपकतो, अंग थंड होत नाही. इथले 740 तिथे धरू नका, जास्त जाईल.

धंतोली_लॅब
मेचं मान्य. त्या महिन्यात माझंही वजन बरंच उतरतं. पण मेमध्येसुद्धा वाढलेलं वजन घेऊन घरी येऊ नये, एवढंच.

फुटाळा_पहाट
ताई, दादा, आभार. एक राहिलं सांगायचं. 20 किमीला गुडघा दुखत होता म्हणून आयबुप्रोफेन घेतली होती. तिचा काही संबंध?

धंतोली_लॅब
आहे ना जी! ही गोळी किडनीकडचा रक्तपुरवठा कमी करते, एडीएचचा परिणाम वाढवते. लांब धावताना किडनीवर आधीच ताण, त्यात ही. शर्यतीच्या दिवशी खिशातसुद्धा ठेवू नका. गुडघा दुखतोय तर पुढच्या रविवारी 20 वर थांबा आणि एखाद्या हाडाच्या डॉक्टरला दाखवून घ्या. त्या 20 ला बाटलीवर पेनानं खुणा करा, आधी-नंतरचं वजन घ्या आणि आकडे इथे टाका, मुंबईसाठी ताशी किती न्यायचं ते बसवून देते.