अनुभव धागा: मिशनच्या कामातलं हाताचं काम लिहा

शरणपूरकर
नाशिकच्या शरणपूर रोडला एका चपला शिवणाऱ्याकडे एमसीआरची काळी शीट गुंडाळून ठेवलेली दिसली आणि कुष्ठरोगाचे जुने मिशन दवाखाने आठवले. ख्रिस्ती मिशनचं काम म्हटलं की लोकांना एकतर प्रवचन आठवतं नाहीतर भांडण. त्यातलं हाताचं काम कुणी लिहीत नाही. दवाखाना, विहीर, वसतिगृह, परदेशी पैसा, ज्याचा जिथे हात बसलाय त्यानं तेवढंच लिहा. कसं करतात, काय बिघडतं, का बिघडतं. कुष्ठरोगात पाय बधिर होतात, त्या पायांच्या चपलेपासून मी सुरू करतो.

एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. आतला तळ याचा, साधारण १० मिमी जाड, कडकपणा शोअर मापावर १५ च्या आसपास. बाहेरचा तळ कडक रबराचा, म्हणजे काटा आरपार येत नाही. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत शीट दाबायची. जाडी निम्मी झाली पाहिजे आणि सोडल्यावर लगेच फुगली पाहिजे. नुसती मऊ असून उपयोग नाही, मऊ फोम चार दिवसांत चपटा होतो आणि मग पाय थेट कडक तळावर.

खिळा एकही नाही. चिकटवणं आणि शिवणं, बस्स. बधिर पायाला वर आलेला खिळा कळत नाही, माणूस दिवसभर त्यावर चालतो आणि संध्याकाळी मोज्याला रक्त दिसतं. टाचेमागे पट्टा हवाच, नाहीतर चप्पल निसटते आणि निसटलेली कळतही नाही. पट्ट्याला बक्कल नको, वेल्क्रो लावा. बोटं वाकडी असली की बक्कल लागत नाही, मग माणूस पट्टा मोकळाच सोडतो.

आणि दिसायला चारचौघांच्या सँडलसारखी करा रे भाऊ. "रोग्याची चप्पल" वाटली की ती घरात राहते आणि माणूस अनवाणी बाजारात.

गोदाकाठची
दादा चप्पल अर्धीच गोष्ट झाली. पाय रोज भिजवायचा. साधं पाणी, २० ते ३० मिनिटं. कोमट सुद्धा नको, कारण कोमट किती ते त्या पायाला कळतच नाही, भाजून निघतो. मग खरखरीत दगडानं घट्टा घासायचा, ब्लेड अजिबात नाही. पाय पूर्ण पुसायचा नाही, ओलसर असतानाच खोबरेल चोळायचं म्हणजे पाणी आत टिकतं. आधी तेल लावून मग पाण्यात बसणारे पण असतात 🙄

तळवा रोज आरशात बघायचा. लाल, गरम, सुजलेली जागा दिसली की त्या दिवशी चालणं बंद. जखम झालीच तर साबणपाण्यानं धुवून स्वच्छ फडकं आणि आराम. तळव्याची जखम मलमानं बरी होत नाही, वजन काढल्यानं होते. घरचे ट्यूबवर ट्यूब आणतात आणि माणूस शेतात जातच असतो.

बाकी नंतर, कुकर लावलाय

पंचवटी_एक्सप्रेस
आणि मांजर!!

गोदाकाठची
?? मांजर?

पंचवटी_एक्सप्रेस
वेल्लोरच्या मिशन दवाखान्यातले डॉ. पॉल ब्रँड. आईवडील तमिळ भागात मिशनरी, हे १९४६ ला सर्जन म्हणून वेल्लोरला आले. रुग्णांची बोटं रात्रीतून कमी होतात हे कोडं होतं. रोगानं झडतात असं सगळे मानायचे. निघाले उंदीर. बधिर बोट कुरतडलं तरी झोपमोड होत नाही. मग घरी जाणाऱ्या रुग्णाला औषधांसोबत मांजर द्यायला लागले.

बोटं आपोआप झडत नाहीत, मज्जातंतू गेल्यानं वेदना जाते आणि पुढचं नुकसान भाजणं, कापणं, दाबणं यातून होतं, हे त्यांनी ठासून दाखवलं. वाकड्या बोटांसाठी चांगल्या स्नायूचा कंडरा (स्नायू हाडाला बांधणारा दोर) फिरवून जोडायची शस्त्रक्रियाही त्यांनीच नावारूपाला आणली. स्वयंपाकघरात त्याचा अर्थ एवढाच की पातेल्याला लाकडी मूठ, चहा कानाच्या कपात. स्टीलचा पेला हातात द्यायचा नाही.

मिसळ_जहाल
आमच्या बिल्डिंगमधे उंदीर आहेत, मिशनचं मांजर मिळेल का 😂

पंचवटी_एक्सप्रेस
आधी चट्टा दाखवा

गोळीवाटप
चट्ट्यावरून आठवलं. कुष्ठरोगाचा चट्टा म्हणजे फिकट किंवा लालसर डाग, खाज नाही, स्पर्श कळत नाही. डोळे मिटायला सांगा, पेनच्या टोकानं हलकं टेकवा, कुठे लागलं ते त्यानं बोटानं दाखवायचं. "लागतंय का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. कोपरामागची नस दोन्ही बाजूंना चाचपून बघा, एक जाड लागली तर दवाखान्यात पाठवा.

औषध फुकट, गोळ्यांचा एक पत्ता २८ दिवसांचा. कमी डागांना ६ पत्ते, जास्तीला १२. सहाचे नऊ महिन्यांत आणि बाराचे दीड वर्षात संपले तर कोर्स पूर्ण धरतात. गळती कुठे होते सांगतो. पहिल्या गोळीनंतर लघवी लाल होते (रिफाम्पिसिन), माणूस घाबरून बंद करतो. दोन-तीन महिन्यांनी कातडी काळवंडते (क्लोफाझिमिन), मग बायका बंद करतात. हे दोन्ही पहिल्याच दिवशी सांगायचं, काळेपणा कोर्सनंतर हळूहळू उतरतो हेही. आणि मधेच डाग सुजले, नस दुखली तर ती रिअ‍ॅक्शन. गोळ्या थांबवायच्या नाहीत, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. नस कायमची जाते ती या दिवसांत.

सातपूर_शिफ्ट
वडिलांना शुगर आहे, पाय बधिर. ही एमसीआर त्यांना चालेल का

शरणपूरकर
चालेल, तत्त्व तेच. माप संध्याकाळी घ्या, पाय सुजलेला असतो तेव्हा, आणि कागदावर उभं करून आखा. बसून आखलेलं माप आखूड येतं. जखम असेल तर आधी डॉक्टर, चप्पल नंतर.

सातपूर_शिफ्ट
धन्यवाद सर 🙏

रोखठोक_नाशिककर
सगळं छान पण धर्मांतराबद्दल कोणी बोलणार नाही का

शरणपूरकर
बोला ना, वेगळा धागा काढा, येतो मी. इथे विहीर, गोळी, चप्पल.

जुनी_पेठ
नाशिकचं निघालंय तर शरणपूरचं लिहायलाच हवं. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी ही वसाहत उभी केली. अरबी समुद्रात इंग्रजी नौदल गुलामांची गलबतं पकडायचं, त्यातून सुटलेली आफ्रिकी मुलं इथे आणली जायची. शिक्षणाबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे हाताला धंदे. १८६६ मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनने आफ्रिकेच्या शेवटच्या मोहिमेला नाशिकच्या शाळेतले नऊ जण नेले. इंग्रजी कागदपत्रांत "नासिक बॉइज" म्हणून सापडतात.

याच शाळेतला जेकब वेनराईट मागून, १८७२ मध्ये पत्रकार स्टॅनलेनं झांझिबारहून पाठवलेल्या तुकडीतून गेला. १८७३ मध्ये आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन वारला. प्रेत किनाऱ्यापर्यंत न्यायचं कसं? काळीज आणि आतडी काढून झाडाखाली पुरली, देहात मीठ भरून दोन आठवडे उन्हात सुकवला, लांबी कमी व्हावी म्हणून पाय गुडघ्यात दुमडले, कापडात गुंडाळून झाडाच्या सालीच्या नळकांड्यात घातला, वरून शिडाचं कापड शिवून डांबर. दांड्याला बांधून सुमारे नऊ महिने चालत बागामोयोपर्यंत. पुरताना प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरलं ते जेकबनं, कारण त्याला लिहिता-वाचता येत होतं. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटीचे मानकरी होते त्यात तोही.

मिसळ_जहाल
काय सांगता. रोज तिथून जातो भो

जुनी_पेठ
अजून आहे. १८७४ ला प्राइस स्वतः मोम्बासाला गेले. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावानं तिथे फ्रिअर टाउन वसवलं, सुटलेल्या गुलामांसाठीच. शिक्षक, कारागीर कुठून आणायचे? नाशिकला तयार झालेले आफ्रिकी होतेच. म्हणजे मिशनरी पाठवायचं काम नाशिकनं तेव्हा केलंय, निर्यात आपली 😄

गोदाकाठची
आणि लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर जलालपूर, इथलंच. कुणी गंगापूर रोडनं गेलात तर रस्ता कसा आहे सांगा, खड्डे बुजवले का

पंचवटी_एक्सप्रेस
नाही. पुढचा प्रश्न.

टीसीएल_ताई
पेठ-सुरगाण्याकडे काम करणाऱ्यांसाठी विहिरीचं लिहिते. हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. विहिरीचा व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ३.१४ भागिले ४, सगळं मीटरमध्ये, उत्तर गुणिले हजार म्हणजे लिटर. ४ मीटर व्यास, ३ मीटर पाणी तर साधारण ३७,७०० लिटर, पावडर ९५ ग्रॅमच्या आसपास. खोली दर वेळी दोरीला दगड बांधून मोजा, पावसाळ्यात आठवड्यात बदलते.

पावडर थेट विहिरीत फेकू नका. बादलीत आधी थोड्या पाण्यात घट्ट लगदा, गुठळी राहू द्यायची नाही, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी, ढवळून ५-१० मिनिटं ठेवा. चुना खाली बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत, ती दोरीनं पाण्याखाली सोडून वर-खाली, गोल फिरवा. चुना विहिरीत गेला तर पाणी जड होतं. काम रात्री करा, निदान तासभर पाणी उपसू नका. सकाळी ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायचं. पिवळा रंग आला की ठीक, रंग नाही तर पुन्हा. बहुतेक वेळा दोष पावडरचा असतो, ताजीत ३३ टक्के क्लोरीन असतो पण पोतं उघडं राहिलं, ओल लागली की उडून जातो.

हे गावातल्या बाईकडून करून घ्यायचं, बाहेरून येऊन कुणी रोज करणार नाही. जामखेडला हेच जमलं. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे, दोघं वेल्लोरला शिकलेले ख्रिस्ती डॉक्टर, १९७० ला सुरुवात, १९७९ ला मॅगसेसे. नर्स खेड्यात टिकेना म्हणून निरक्षर बायकांनाच तयार केलं, त्यात दलित बायका बऱ्याच. जिनिव्हाच्या ख्रिश्चन मेडिकल कमिशननं हे जगासमोर ठेवलं आणि १९७८ च्या प्राथमिक आरोग्यावरच्या अल्मा-आटा परिषदेआधीच्या चर्चेत जामखेड होतं.

रोखठोक_नाशिककर
हे आवडलं. जुलाबाला पण असंच माप आहे ना काहीतरी?

टीसीएल_ताई
हो दादा. १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट ६ चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. शीग लावून भरायचा नाही, मीठ जास्त झालं तर बाळाला घातक. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्या. पाकीट मिळत असेल तर पाकीटच.

हिशेबनीस
वसतिगृहाला परदेशातल्या चर्चनं पैसे देतो म्हटलं की आधी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा. नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना एक रुपया घेऊ नका, ओळखीच्या माणसाच्या खात्यात तर मुळीच नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा फक्त दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात. कार्यालयीन खर्च २० टक्क्यांच्या आत. दुसऱ्या संस्थेला पुढे देणं बंद, तिची नोंदणी असली तरी. एफसी-४ हे वार्षिक विवरणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबर. मिशनवाल्यांची गंमत अशी की नेमकी नाताळाची धामधूम आणि शेवटची तारीख एकाच आठवड्यात. पैसा आला नसेल तरी शून्याचं भरावंच लागतं, बऱ्याच संस्था इथेच अडकतात.

गोळीवाटप
खातं उघडायला दिल्लीला जावं लागतं का हो?

हिशेबनीस
नाही, कागद नाशिकच्या स्टेट बँकेत देता येतात. पैसा तिकडे उतरला की इथल्या बँकेतल्या वापराच्या खात्यात घ्या. फक्त त्यात भाड्याचे, फीचे, रविवारच्या दानाचे पैसे मिसळायचे नाहीत, त्याला वेगळं खातं.