गड्ड्याच्या यात्रेवर प्रकल्प करायचाय, सुरुवात कुठून?

प्रश्न (एमए_भाग२): विषय सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, म्हणजेच गड्ड्याची यात्रा. सर म्हणाले, नुसती माहितीपुस्तिका नको, धर्माचा अभ्यास हवा. म्हणजे नेमकं काय? आणि मी स्वतः भाविक आहे, चालेल ना?

बाळीवेसकर: बिनधास्त. चमत्कार घडला की नाही हे इथे ठरवायचंच नसतं. लोक तो कसा सांगतात आणि त्यावरून काय करतात, ते पाहायचं. अख्खी यात्रा घेऊ नका, निभणार नाही. यण्णीमज्जन (तेल-हळदीचा विधी), अक्षता (लग्नाचा विधी), होम यांतलं एकच घ्या. अक्षता घेतलीत तर वहीच्या डाव्या पानावर फक्त दिसलं-ऐकलं ते: सात नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) संमती कट्ट्याजवळ, म्हणजे अक्षता सोहळ्याच्या जागी, कुठे उभे राहिले, 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' कुणी म्हटलं, अक्षता नेमक्या कोणत्या क्षणी पडल्या. अर्थ उजव्या पानावर, त्याच रात्री. दोन्ही एकत्र लिहिलं की महिन्याने पाहिलेलं कोणतं आणि वाटलेलं कोणतं ते कळत नाही.

होटगीरोड: विधींचे अभ्यासक व्हॅन गेनेप यांची 1909 मधली, एका अवस्थेतून दुसरीत नेणाऱ्या विधींच्या तीन टप्प्यांची मांडणी लावून बघा: वेगळं होणं, मधली अवस्था, पुन्हा सामील होणं. तेल-हळद आणि अक्षता तिच्यात छान बसतात. होम बसत नाही, कारण यात्रेमागच्या कथेतली कुंभारकन्या सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी (हातातल्या दंडाशी) लग्न करते आणि सासरी न जाता अग्नीत जाते. ही अडचण झाकू नका, प्रकल्पातलं सगळ्यात मोलाचं प्रकरण तेच होईल. फक्त कथेला इतिहास म्हणू नका. सिद्धरामेश्वर, म्हणजेच सिद्धेश्वर, 12व्या शतकातले, त्यांची कन्नड वचनं (छोट्या भक्तिरचना) आहेत. कथेचा पुरावा वेगळा तपासायचा.

एमए_भाग२: प्रश्नावली किती जणांकडून भरून घेऊ?

बाळीवेसकर: प्रश्नावली नकोच. 10-12 जणांशी निवांत बोला. 'हे का करता?' विचारलंत की पुस्तकी उत्तर मिळतं. 'तुम्ही काय करता, कुणी शिकवलं, चुकलं तर काय करतात?' असं विचारा. एकट्या मानकऱ्यांवर थांबू नका. नंदीध्वजाची काठी पेलणारे, घरी नैवेद्य करणाऱ्या बायका, गड्ड्यावरचे (जत्रेच्या मैदानावरचे) दुकानदार, सगळे हवेत. कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्यांशी त्यांच्याच भाषेत बोला, येत नसेल तर सोबत कुणाला तरी न्या. रेकॉर्डिंग आधी विचारूनच.