लिगुरियन भाषेचे मूळ भाषक नेमके किती मानावेत?

मेघना_वि
युरोपातील लहान भाषांवर मराठीत परिचयपर नोंदी लिहिताना मी वायव्य इटलीतील लिगुरियन भाषेपाशी अडले आहे. बऱ्याच ठिकाणी भाषकसंख्या 5 लाख दिलेली आढळते, म्हणजे सुमारे 15 लाख वस्तीच्या लिगुरिया प्रदेशातील दर तिसरा माणूस. पण लिगुरियाची राजधानी जेनोव्हा येथील तरुण पिढी घरीसुद्धा इटालियनच बोलते, असेही वाचायला मिळते. शिवाय फ्रान्सच्या सीमेवरील काही गावांच्या बोलीला कोणी लिगुरियन म्हणतात, तर कोणी ऑक्सितान (दक्षिण फ्रान्सकडची भाषा). संख्या कोणती द्यावी आणि बोली कशा मांडाव्यात, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

श्रीकांत जोगळेकर
मेघनाताई, 5 लाखांचा आकडा शिरगणतीतून आलेला नाही, कारण इटलीच्या जनगणनेत आपल्याप्रमाणे सर्वांना मातृभाषा विचारत नाहीत. राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेची नमुना पाहणी मात्र होते. 2006 च्या पाहणीत लिगुरियातील शंभरांपैकी सुमारे आठ जणांनीच आपण घरी मुख्यतः बोली वापरतो असे सांगितले, आणि दोन तृतीयांशांहून अधिक लोकांनी केवळ किंवा मुख्यतः इटालियन. यातही एक मोठी मेख आहे. पाहणीत ‘बोली’ एवढेच विचारले जाते, कोणती बोली ते नाही. महायुद्धानंतर जेनोव्हाच्या गोदीत आणि पोलाद कारखान्यांत दक्षिण इटलीतून असंख्य कुटुंबे आली. त्यांच्या घरातली सिसिलियन किंवा कालाब्रियन बोलीही त्याच रकान्यात जमा होते. म्हणजे हा लहान आकडाही निखळ लिगुरियनचा नाही. उलट, आजी-आजोबांची भाषा पूर्ण समजणारा पण इटालियनमध्ये उत्तर देणारा मोठा वर्ग कोणत्याच रकान्यात बसत नाही. त्याला मूळ भाषक म्हणायचे की नाही, यावरच सारा वाद आहे.

रेवा कामत
बोलींविषयी थोडे लिहिते. मध्यवर्ती आणि प्रतिष्ठेची बोली जेनोव्हाची. पश्चिमेला व्हेंतिमिल्याकडची, पूर्वेला ला स्पेत्सियाकडची आणि डोंगरापलीकडे नोव्ही, ओव्हादा या भागातील, असे इतर प्रमुख गट आहेत. लॅटिनमधील शब्दारंभीच्या जोडाक्षरांचे टोकाचे रूपांतर ही या भाषेची ठळक खूण आहे: इटालियन ‘प्यू’ (अधिक) येथे ‘च्यू’ होतो आणि ‘ब्यांको’ (पांढरा) ‘जांकू’. मोनाकोची पारंपरिक भाषा याच कुळातली असून तेथे ती शाळेत शिकवली जाते.

मात्र आपल्या नोंदीत सर्वाधिक जागा ताबार्कीनो या बोलीला द्यावी, असे मला मनापासून वाटते. सोळाव्या शतकात जेनोव्हाजवळच्या पेल्यी येथील लोक प्रवाळ काढण्यासाठी ट्युनिसियाच्या किनाऱ्यालगतच्या ताबार्का बेटावर जाऊन राहिले. त्यांच्या वंशजांपैकी काहींनी 1738 मध्ये सार्डिनियाजवळच्या सान प्येत्रो बेटावर कार्लोफोर्ते वसवले, आणि पुढे 1770 मध्ये शेजारच्या बेटावर कालासेत्ता. आज कार्लोफोर्तेत मुलेसुद्धा ही बोली बोलतात. मूळ भूमीत भाषा ओसरत असताना, जवळपास पाच शतके समुद्रापलीकडे राहिलेल्या या लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली, ही फार मोलाची गोष्ट आहे.

श्रीकांत जोगळेकर
रेवाताईंच्या मुद्द्याला जोडूनच सीमेवरच्या गावांचा प्रश्न येतो. 1999 च्या 482 क्रमांकाच्या कायद्याने इटलीने बारा अल्पसंख्य भाषांना संरक्षण दिले. त्यांत ऑक्सितान आहे, लिगुरियन नाही, आणि ताबार्कीनोही नाही. तिला केवळ सार्डिनियाच्या 1997 च्या प्रादेशिक कायद्याचा आधार आहे. या राष्ट्रीय कायद्यानुसार गावातील 15 टक्के मतदारांनी किंवा एक तृतीयांश नगरसेवकांनी मागणी केली, की ते गाव अल्पसंख्य भाषेच्या क्षेत्रात धरण्याची प्रक्रिया सुरू होते. भाषातज्ज्ञांच्या तपासणीची अट नाही. त्यामुळे ब्रिगास्क ही सीमेवरची डोंगरी बोली असणाऱ्या त्रियोरा आणि जवळच्या ओलिव्हेत्ता सान मिकेले यांनी स्वतःला ऑक्सितान घोषित केले. वेर्नर फोर्नर हे अभ्यासक या डोंगरी बोलींना ‘आल्पाइन लिगुरियन’ मानतात. 2022 मध्ये निधन पावलेले भाषावैज्ञानिक फ्योरेन्झो तोझो यांनीही अशा घोषणांवर सातत्याने टीका केली, कारण भाषिक पुरावा नसलेल्या गावांना संरक्षण मिळते आणि कार्लोफोर्तेसारखा जिवंत समाज बाहेर राहतो. मला त्यांचे म्हणणे पटते. तरीही त्या गावकऱ्यांना सरसकट लबाड ठरवणे अन्यायाचे होईल. शाळेत आणि पाट्यांवर स्वतःची बोली आणण्यासाठी कायद्याने तेवढाच एक दरवाजा उघडा ठेवला होता.

मेघना_वि
दोघांचेही मनःपूर्वक आभार. मग 5 लाख हा आकडा गाळून टाकू का?

रेवा कामत
गाळू नका. ‘प्रचलित अंदाज’ म्हणून द्या आणि लगेच पुढे 2006 च्या पाहणीतील प्रमाण, ‘कोणतीही बोली’ या खुलाशासह, मांडा. ब्रिगास्कपुढे ‘वर्गीकरण विवादित’ असे लिहा. आणि रोमनपूर्व काळातील प्राचीन लिगुरियन ही पूर्णपणे वेगळी, नामशेष झालेली भाषा आहे, ही तळटीप अवश्य जोडा. केवळ नावामुळे दोन्हींची गल्लत वारंवार होते.